लहानपणी ज्या चॅपलमध्ये तो आईसोबत बसायचा, तेच चॅपल पुढं त्याच्या चित्रांचं म्युझियम झालं

इंग्लंडमध्ये लंडनच्या पश्चिमेला, थेम्स नदीच्या काठावर कुकम नावाचं एक गाव आहे. गावाच्या हाय स्ट्रीटवर कोपऱ्याला एक छोटी, साधीसुधी इमारत आहे. 1846 मध्ये बांधलेलं हे वेस्लियन मेथडिस्ट पंथाचं चॅपल, म्हणजे लहानसं प्रार्थनाघर. आज तिथं प्रार्थना होत नाही. आत गेलं की भिंतींवर चित्रं दिसतात आणि त्या चित्रांच्या सोबतीला एक जुनी, काळी बाबागाडी.

ही बाबागाडी ज्याची, तो माणूस होता चित्रकार सर स्टॅनली स्पेन्सर. विसाव्या शतकातल्या ब्रिटिश चित्रकारांची यादी काढली, तर त्याचं नाव वरच्या चार-पाचांत घ्यावंच लागतं. पण त्याच्या आयुष्याची गोष्ट खरं तर चॅपल्सची गोष्ट आहे. एका चॅपलमध्ये तो लहानपणी बसला, एका चॅपलमध्ये त्यानं पाच वर्षं पाय रोवून चित्रं काढली. आणि एक चॅपल त्यानं आयुष्यभर डोक्यात बांधलं, ते कधीच उभं राहिलं नाही.

स्टॅनलीचा जन्म 30 जून 1891 चा. आजोबा बांधकामाच्या धंद्यात. हाय स्ट्रीटवरचं फर्नली नावाचं घर त्यांनीच बांधलेलं. वडील विल्यम स्पेन्सर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि पियानोच्या शिकवण्या घ्यायचे. घर माणसांनी भरलेलं, पैसा जेमतेम. स्टॅनली रीतसर शाळेत गेलाच नाही. शेजारच्या बागेतल्या एका शेडमध्ये त्याच्या मोठ्या बहिणी पोरांना शिकवायच्या, तीच त्याची शाळा. त्याच्यापेक्षा वर्षानं लहान असलेला भाऊ गिल्बर्ट, तोही पुढं चित्रकारच झाला.

वडील चर्च ऑफ इंग्लंडचे आणि आई मेथडिस्ट. त्यामुळं पोरांना दोन्हीकडची सवय. वडील घरी मोठ्यानं बायबल वाचून दाखवायचे आणि आईसोबत हाय स्ट्रीटवरच्या त्या चॅपलमध्ये जायचं. चर्चमधल्यासारखा थाट तिथं नव्हता. गावातलीच ओळखीची माणसं यायची, भक्तीत पार बुडून जायची. लहानग्या स्टॅनलीच्या मनात एक गोष्ट तेव्हाच पक्की बसली. बायबलमध्ये जे काही घडलं, ते कुठल्या दूरच्या देशात नाही, तर इथंच घडलं असणार. या गल्लीत, या भिंतीपलीकडं, त्या नदीवर.

तो 13 वर्षांचा असताना, म्हणजे 1904 मध्ये, मेथडिस्ट लोकांनी दुसरीकडं नवीन चॅपल बांधलं आणि हे जुनं रिकामं झालं. पुढं तिथं गावाचं वाचनालय आलं.

1908 साली स्टॅनली लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये चित्रकला शिकायला लागला. हेन्री टाँक्स यांच्यासारखा कडक शिक्षक आणि बरोबरीला मार्क गर्टलर, डोरा कॅरिंग्टन, डेव्हिड बॉम्बर्ग यांच्यासारखी पुढं नावाजलेली मंडळी. पण हा पठ्ठ्या लंडनमध्ये राहायलाच तयार नाही. वर्ग संपला की ट्रेन पकडून घरी. गावाचं इतकं वेड, की कॉलेजातल्या पोरांनी त्याचं टोपणनावच कुकम ठेवलं. पाच फूट दोन इंच उंचीचा, कपाळावर केस आलेला हा मुलगा चित्रकलेत मात्र सगळ्यांना भारी होता. 1912 मध्ये त्याच्या ख्रिस्तजन्माच्या चित्राला कॉलेजचं बक्षीस मिळालं.

मग आलं पहिलं महायुद्ध.

तेव्हा तो एका चित्रावर काम करत होता. थेम्स नदीवर दरवर्षी हंसांची मोजणी होते, त्यासाठी हंस पकडून आणतात. कुकममधला तो प्रसंग त्यानं घेतला होता. वरचा बराचसा भाग रंगवून झाला आणि 1915 मध्ये तो सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती झाला. चित्र तसंच अर्धवट घरी राहिलं. पुढची तीन वर्षं कुठंही असला, तरी ते चित्र त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

त्याची पहिली नेमणूक ब्रिस्टलच्या ब्यूफोर्ट वॉर हॉस्पिटलमध्ये झाली. हे आधी वेड्यांचं इस्पितळ होतं, युद्धासाठी ते सैनिकी दवाखाना केलेलं. तिथं स्टॅनलीच्या वाट्याला काय आलं? फरशी घासणं, चादरी बदलणं, चहाची भांडी भरणं, मळके कपडे निवडणं. 1916 मध्ये त्याला मॅसेडोनियाच्या आघाडीवर पाठवलं, पुढं तो स्वतःहून पायदळात गेला. मलेरियानं हैराण झाला. 1918 च्या डिसेंबरमध्ये तो घरी परतला, तेव्हा सिडनी नावाचा त्याचा भाऊ लढाईत मारला गेलेला होता. युद्ध संपायला जेमतेम दोन महिने उरले असताना.

घरी ते हंसांचं चित्र वाट बघतच होतं. त्यानं ते पूर्ण केलं, पण आधीचा निरागस आनंद आता हाताला सापडेना, हे त्याला स्वतःलाच जाणवत राहिलं.

1925 मध्ये त्यानं हिल्डा कार्लाइनशी लग्न केलं. ती स्वतः चांगली चित्रकार होती. पुढं त्यांना शिरीन आणि युनिटी या दोन मुली झाल्या. त्याच काळात स्टॅनली एक अवाढव्य चित्र काढत होता, साडेपाच मीटर रुंदीचं. विषय काय, तर जगाच्या शेवटी मेलेली माणसं पुन्हा उठतात तो दिवस. पण हा दिवस उगवतो कुठं? कुकमच्या चर्चमागच्या दफनभूमीत. गावकरी आपापल्या थडग्यांतून झोपेतून उठल्यासारखे आळोखेपिळोखे देत बाहेर येतायत. ना नरकाची आग, ना कुणाला शिक्षा. वर कोपऱ्यात थेम्स नदीवरून सहलीच्या बोटी माणसांना स्वर्गाकडं घेऊन निघाल्यात. हिल्डा या चित्रात एकदा नाही, अनेकदा दिसते. स्टॅनली स्वतःही आहे. 1927 मध्ये हे चित्र प्रदर्शनात लागलं आणि तिथून थेट टेट गॅलरीच्या संग्रहात गेलं. आता त्याला सगळं इंग्लंड ओळखू लागलं.

यानंतर त्याच्या हातून जे काम झालं, ते बघायला आजही लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात.

लुई आणि मेरी बेहरेंड हे कलाप्रेमी जोडपं त्याचं चाहतं होतं. मेरीचा भाऊ, लेफ्टनंट हेन्री सँडहॅम, मॅसेडोनियाच्याच आघाडीवरून आजार घेऊन आला आणि त्यात गेला. स्टॅनलीनं स्वतःच्या युद्धाच्या आठवणींची मोठी योजना कागदावर उतरवली होती. इटलीतल्या पाडुआ शहरात जिओत्तो या जुन्या चित्रकारानं एक आख्खं चॅपल आतून रंगवलंय, तसं काहीतरी त्याला हवं होतं. बेहरेंड दांपत्यानं ती चित्रं पाहिली आणि ठरवलं, की भावाचं स्मारक म्हणून चॅपल बांधायचं आणि स्टॅनलीच्या चित्रांसाठीच बांधायचं. म्हणजे उलटाच कारभार. आधी चित्रं ठरली आणि मग त्यांच्या मापानं इमारत आली.

हँपशायरमधल्या बर्गक्लेअर गावात हे सँडहॅम मेमोरियल चॅपल उभं राहिलं. 1927 मध्ये स्टॅनली बायको-मुलीला घेऊन त्या गावात राहायला गेला आणि 1932 पर्यंत ते चॅपल हाच त्याचा स्टुडिओ झाला. मचाणावर चढून, छोट्या ब्रशनं, इंचाइंचानं काम. त्याची पद्धतही अजब होती. आधी पेन्सिलीनं सगळं चित्र चौकटी आखून कॅनव्हासवर उतरवायचं आणि मग एका कोपऱ्यातून सुरू करून गवंडी भिंत रचतो तसं रंगवत पुढं सरकायचं. चुकलं तर खोडायचं, पुन्हा करायचं वगैरे भानगड फारशी नाही.

आता युद्धाचं स्मारक म्हटल्यावर तलवारी, तोफा, धारातीर्थी पडलेले वीर असं काहीतरी असणार असं कुणालाही वाटेल. इथल्या 19 चित्रांत लढाई नाहीच. एक जण फरशीवर जवळजवळ आडवा होऊन फरशी घासतोय. कुणी कपडे निवडतंय, कुणी चहाची भांडी भरतंय. वॉर्डात जखमी सैनिक ब्रेडला जॅम लावून खातायत. हिवानं गारठलेले पाय कुणी साफ करतंय. पहाटे मच्छरदाणीतून सैनिक उठतायत. एका चित्रात घोड्यावर बसलेला अधिकारी नकाशा उलगडून बघतोय आणि त्याचे शिपाई मात्र रस्त्याकडेच्या झुडपांतली रानफळं तोडून खाण्यात दंग. पूर्ण चॅपलमध्ये अधिकारी तेवढा एकच.

समोरच्या मोठ्या भिंतीवर पुन्हा तोच विषय, मेलेल्यांचं उठणं. यावेळी उठणारे सैनिक आहेत. एकट्या या भिंतीला त्याला जवळपास एक वर्ष लागलं. चित्रभर पांढऱ्या क्रॉसचा खच पडलाय. सैनिक उठतात, आपापल्या थडग्यावरचा क्रॉस उपसतात आणि नेऊन येशूकडं जमा करतात. रजेवर जाताना बंदूक जमा करावी तसं. एकमेकांशी हात मिळवतात. मध्यभागी गाडीचे मेलेले खेचरही उठलेत. आणि येशू? तो वर, बराच लांब, इतका लहान की पटकन दिसतही नाही.

ज्यांनी हा माणूस घडवला ते प्रसंग सगळे साफसफाईचे, धुण्याभांड्याचे होते. युद्धातली जी कामं कुणाच्याच पोवाड्यात येत नाहीत, त्यांना त्यानं देवळाच्या भिंतीवर जागा दिली. महायुद्धावर युरोपात अनेक चित्रकारांनी काम केलं, पण असं धाडस क्वचितच कुणी दाखवलं असेल.

1932 मध्ये काम संपवून तो कुकमला परतला. तिथं लिंडवर्थ नावाचं मोठं घर घेतलं. आता त्याच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं होतं. बर्गक्लेअरमध्ये युद्धाचं जे केलं, तेच आता शांततेच्या काळातल्या आयुष्याचं करायचं. त्यासाठी एक मोठी वास्तू हवी, अर्धं चर्च आणि अर्धं घर. तिला त्यानं चर्च-हाउस हे नाव दिलं. तिचा मधला भाग म्हणजे कुकमचा हाय स्ट्रीट, बाजूचा भाग म्हणजे थेम्स नदी. ज्या बायकांवर त्यानं प्रेम केलं त्यांच्यासाठी आत वेगवेगळी छोटी चॅपल्स. पण यावेळी पैसे घालणारं बेहरेंड जोडपं पाठीशी नव्हतं. इमारत नाही, जागा नाही, तरी हा माणूस तिच्या भिंतींसाठी चित्रं काढत सुटला.

आणि इथंच त्याचं आयुष्य घसरलं.

कुकममध्ये पॅट्रिशिया प्रीस नावाची एक स्त्री राहायची, आपली जोडीदार डोरोथी हेपवर्थ हिच्यासोबत. दोघीही चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या. गंमत म्हणजे पॅट्रिशियाच्या नावानं जी चित्रं प्रदर्शनात लागायची, ती बहुतेक डोरोथीनं काढलेली असायची. डोरोथी बुजरी, पॅट्रिशिया बोलघेवडी, म्हणून दोघींनी ही वाटणी करून घेतलेली. स्टॅनली तिच्यात पुरता अडकला. दागिने, कपडे यांच्यावर पैसा उधळला आणि शेवटी राहतं घरही तिच्या नावावर करून टाकलं.

स्टॅनलीचा हिशेब विचित्र होता. त्याला हिल्डा सोडायची नव्हती. दोघींवरही आपलं प्रेम आहे तर दोघीही आपल्या बायका असाव्यात, यात वावगं काय, असं त्याला मनापासून वाटायचं. हिल्डाला ते मान्य असणं शक्यच नव्हतं. मे 1937 मध्ये घटस्फोट झाला आणि चारच दिवसांत स्टॅनलीनं पॅट्रिशियाशी लग्न केलं. हनिमूनला जायचं होतं सेंट आइव्हजला. पॅट्रिशिया पुढं निघून गेली, तीही डोरोथीला घेऊन. स्टॅनली एक चित्र पूर्ण करायला मागं थांबला. तेवढ्यात हिल्डा आपलं सामान न्यायला आली आणि ती रात्र दोघांनी एकत्र काढली. पॅट्रिशियाला हे कळलं. त्यानंतर ती त्याच्यासोबत बायको म्हणून कधी राहिलीच नाही. ती डोरोथीकडंच राहिली, पण घटस्फोटही दिला नाही.

त्याच वर्षी स्टॅनलीनं स्वतःचं आणि पॅट्रिशियाचं एक नग्न चित्र काढलं. तो तिच्या शेजारी उकिडवा बसलाय, ती दुसरीकडंच बघतेय. पुढ्यात मटणाची कच्ची तंगडी आणि मागं पेटलेला स्टोव्ह. जवळ असूनही दोन माणसं किती लांब असतात, हे इतक्या निर्दयपणे क्वचितच कुणी रंगवलं असेल. आज ते टेटमध्ये आहे, पण त्याच्या हयातीत ते कधी प्रदर्शनात लागलं नाही.

या सगळ्यात सगळ्यात जास्त किंमत मोजली ती हिल्डानं. दोन मुली, तुटलेला संसार, स्वतःची चित्रकला मागं पडलेली. पुढं तिचं मानसिक आजारपणही सुरू झालं. स्टॅनलीच्या साधेपणाचं कौतुक करताना ही बाजू झाकून चालत नाही.

बाहेरही त्याचे वाईट दिवस सुरू होते. 1935 मध्ये रॉयल अकादमीनं त्याची दोन चित्रं प्रदर्शनाला नाकारली होती. त्यातल्या एकात गावातला कचरावाला काम आटोपून घरी येतो आणि त्याची धिप्पाड बायको त्याला पोरासारखं उचलून कवेत घेते, शेजारी कचऱ्यातल्या वस्तू देवाला वाहाव्यात तशा पुढं करतात. अकादमीला हे पचलं नाही. स्टॅनलीनं राजीनामा फेकला. बाजारात त्याच्या निसर्गचित्रांना मागणी होती, विक्रेता तीच मागायचा, म्हणून पोटासाठी तो बागा आणि कुंपणं रंगवत राहिला. त्याला स्वतःला ती हमाली वाटायची. आणि चर्च-हाउससाठी काढलेली चित्रं? तीही एकेक करून विकली जाऊन देशोदेशी पांगली.

1938 मध्ये घरही हातातून गेलं आणि तो लंडनमधल्या एका भाड्याच्या खोलीत येऊन पडला. तिथं त्यानं येशूच्या रानातल्या चाळीस दिवसांची मालिका सुरू केली. त्यातली आठ चित्रं पूर्ण झाली. जाडसर, एकटा येशू जमिनीवर हातापायांवर ओणवा होऊन रानफूल बघतोय, तळहातावर विंचू घेऊन बसलाय. चित्रकाराची स्वतःची अवस्था काय होती, ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात सरकारनं त्याला स्कॉटलंडमधल्या पोर्ट ग्लासगोच्या जहाज कारखान्यात चित्रं काढायला पाठवलं. तिथं तो पुन्हा माणसांत आला. वेल्डर, लोहार, दोरखंडवाले, सगळ्यांना त्यानं त्याच भक्तीनं रंगवलं. 1945 मध्ये तो कुकमला परतला, तो कायमचाच.

ती बाबागाडी आता त्याच्या कामाला आली. रंग, कॅनव्हास, इझल, छत्री असं सगळं बिऱ्हाड त्यात टाकायचं आणि गावभर ढकलत न्यायचं. थंडीत सुटाच्या आत पायजमा घालायचा आणि दफनभूमीत, नाहीतर कुणाच्या बागेपुढं ठाण मांडायचं. लोक गप्पा मारायला थांबायचे म्हणून त्यानं एक पाटीच केली, की चित्र पूर्ण करायचंय, कृपया लक्ष विचलित करू नये. 1954 मध्ये तो एका शिष्टमंडळासोबत चीनला गेला, तर तिथं पंतप्रधान चाऊ एन लाय यांच्यासमोरही त्यानं कुकमचाच विषय काढला.

हिल्डाशी त्याचं बोलणं कधी थांबलंच नाही. तो तिला पत्रं लिहायचा, काही तर शंभर पानांपर्यंत जायची. तिनं पुन्हा लग्न करावं म्हणूनही तो मागं लागला होता. 1950 च्या नोव्हेंबरमध्ये हिल्डा कॅन्सरनं गेली. स्टॅनली पत्रं लिहीतच राहिला. ती गेल्यावरही, जवळजवळ शेवटपर्यंत.

त्याच 1950 मध्ये एक तमाशा झाला. अकादमीचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड मनिंग्ज यांच्या हाती स्टॅनलीची काही खासगी चित्रं लागली. ती अश्लील आहेत म्हणून त्यांनी प्रकरण पोलिसांपर्यंत नेलं. खटला काही उभा राहिला नाही. उलट अकादमीनं त्याच वर्षी स्टॅनलीला सन्मानानं परत घेतलं.

शेवटची काही वर्षं तो एकाच मोठ्या चित्रामागं होता. पाच मीटरहून रुंद. कुकममध्ये थेम्स नदीवर बोटींच्या शर्यती भरायच्या, त्याच्या लहानपणी ती गावची मोठी जत्राच असायची. या चित्रात त्या शर्यतीच्या दिवशी येशू गावात आलाय. डोक्यावर गवती हॅट, एका तराफ्यावर वेताच्या खुर्चीत बसून, पुढं वाकून तो लोकांना तावातावानं काहीतरी सांगतोय आणि आजूबाजूच्या नावांमधली मंडळी ऐकतायत, काही नुसतीच उन्हात पहुडलीयत. न बांधलेल्या चर्च-हाउसची जी नदीची बाजू होती, तिच्यासाठीचं हे चित्र. वास्तू होणार नाही हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्याच्या हाताला तेवढं कळलेलं नव्हतं.

कॅन्सर आता त्यालाही गाठत होता. शेवटच्या वर्षी तो फर्नलीत, म्हणजे जन्मला त्याच घरात राहायला आला. 1959 मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. त्यामुळं जी बाई त्याच्यासोबत एक दिवसही नांदली नव्हती, ती पॅट्रिशिया कायद्यानं लेडी स्पेन्सर झाली. 14 डिसेंबर 1959 ला शेजारच्या क्लाइव्हडनमधल्या हॉस्पिटलमध्ये स्टॅनली गेला. ज्या दफनभूमीतून त्यानं गावकऱ्यांना उठवलं होतं, तिथंच वाटेकडेला त्याच्या नावाचा छोटा दगड आहे. त्यावर पत्नी म्हणून नाव आहे ते हिल्डाचं.

तीन वर्षांनी, 1962 मध्ये, हाय स्ट्रीटवरच्या त्या जुन्या मेथडिस्ट चॅपलमध्ये स्टॅनली स्पेन्सर गॅलरी सुरू झाली. गावातलीच मंडळी स्वयंसेवक म्हणून ती चालवतात. 2006-07 मध्ये इमारतीचं नूतनीकरण झालं, पण आकार तोच राहिला, एका खोलीएवढा. 1920 साली त्यानं काढलेलं येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र तिथं आहे. तेही कुकममधल्याच एका विटांच्या कोठारात मांडलेलं, टेबलाखाली शिष्यांच्या पायांची रांग दाखवणारं.

आणि शर्यतीचं ते मोठं चित्रही तिथंच लागतं. त्याचा काही भाग रंगवून झालाय. उरलेल्या पांढऱ्या कॅनव्हासवर पेन्सिलीनं काढलेली माणसं, नावा आणि चौकटीच्या रेघा स्टॅनलीनं सोडल्या तशाच आहेत.